शाम्पूची पुडी आणि गव्हाचे पोते



आजचा विषय कळला तेव्हा आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. मजुरांच्या संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस केस धुण्याच्या पुडीवर बोलणार! मी सातवीपुढे शाळेत गेलेलो नाही. रसायनशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. जे थोडे समजले ते वाचनालयात बसून आणि जाणत्यांना विचारून. परंतु जिनिंगच्या, तेलगिरणीच्या, रंगाच्या कारखान्यांतील कामगारांच्या तक्रारी तीस वर्षे लिहून घेता घेता एक गोष्ट मनावर ठसली. "हे कशाने झाले?" या प्रश्नाला जे उत्तर सर्वांत आधी मिळते, ते बहुधा चुकीचे असते, आणि त्या चुकीच्या उत्तराचा कोणाला तरी फायदा होत असतो. शाम्पूची गोष्ट याच जातीची आहे, म्हणून ती आपल्यापुढे ठेवतो.

अमरावतीत काय नि अकोल्यात काय, घरोघरच्या फोनवर एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. शाम्पूला फेस आणणारे द्रव्य गॅरेजची फरशी धुण्यासाठी वापरतात. त्याने कर्करोग होतो. बाटलीत प्रेते टिकवण्याचे औषध असते. बाया वांझ होतात. मजकुराखाली सही नसते, तारीख नसते. पण वाचणाऱ्या आईच्या मनात भीती बसते. एका बाईने मला विचारले, "मंग भाऊ, पोरीच्या डोक्याले लावू तरी काय? राखुंडी?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिल्याने फेसाचे पाहू. आपला हा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्याचा. विहिरीचे पाणी मचूळ आणि जड. त्या पाण्यात साबण घासला की फेस होत नाही. पाण्यातल्या चुन्याशी साबणाचा संयोग होऊन पांढरा चिकट साका तयार होतो, तो केसांना धरून बसतो, आणि केस धुतले की नाही हेच कळत नाही. यावर उपाय म्हणून १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत साबणाऐवजी दुसरी धुण्याची द्रव्ये शाम्पूत आली. ती जड पाण्यातही फेस देतात. सोडियम लॉरिल सल्फेट हे त्यांपैकी एक, आणि त्याचाच सौम्य भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट. आमच्या खेड्यांतील बाया पुडीचा शाम्पू घेतात तो केवळ जाहिरातीला भुलून नव्हे. त्यांच्या विहिरीच्या पाण्यात तो काम करतो म्हणून.

आता अफवेतले खरे किती? हे द्रव्य फरशी धुण्याच्या मिश्रणात असते, हे खरे. ते तीव्र असेल आणि कातडीवर बराच वेळ राहिले तर कातडी लाल होते, खाज सुटते, हेही खरे. कातडीची परीक्षा करणारे डॉक्टर मुद्दाम जळजळ उत्पन्न करण्यासाठी ते वापरतात. पण परीक्षेत ते पट्टीखाली तासन् तास ठेवतात, आपण दोन मिनिटांत धुऊन टाकतो. पाण्यानेही फरशी धुतात, म्हणून पाणी पिणे कोणी सोडत नाही. राहिला कर्करोग. ही आवई १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत संगणकाच्या पत्रांतून उठली, तेथून देशोदेशी पसरली. कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेची ल्यों येथील संस्था ठेवते. त्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेटचे नाव नाही.

दुसरे द्रव्य पॅराबेन. पाणी असलेली कोणतीही वस्तू बाटलीत राहिली की तीत जंतू होतात. ते होऊ नयेत म्हणून हे घालतात. २००४ साली इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात फिलिपा डार्बर या संशोधक बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींचे २० नमुने तपासले. त्यांत त्यांना पॅराबेन आढळले. त्यामुळे गाठ झाली, असे त्यांनी म्हटलेले नव्हते. निरोगी भागात ते किती असते याची तुलनाही त्या तपासणीत नव्हती. पण बातमी पुढे गेली ती "शाम्पूने कर्करोग" अशी. युरोपातील सरकारांनी मात्र शांतपणे काम केले. पॅराबेनच्या कुटुंबातील ज्या पाच द्रव्यांविषयी पुरेशी माहिती उत्पादकांनी दिली नाही, ती २०१४ साली बंद केली, दुसऱ्या काहींचे प्रमाण उतरवले, आणि बाकीची चालू ठेवली. अफवा सगळ्यांना एकाच फासावर देते. तपासणी एकेकाची चौकशी करते. फरक तो एवढाच, पण मोठा.

तिसरे फॉर्मॅल्डिहाइड. येथे मी अफवेला सर्वस्वी खोटे म्हणणार नाही. हा वायू कर्करोगकारक आहे, असे २००४ मध्ये ल्योंच्या संस्थेने ठरवले. पण कोणाच्या पुराव्यावरून? मुख्यतः कारखान्यांत आणि शवागारांत वर्षानुवर्षे तो हुंगणाऱ्या कामगारांच्या! त्यांच्या नाका-घशांनी आणि रक्ताने जगाला ही माहिती दिली. शाम्पूत तो टिकाऊपणासाठी फार थोडा घालीत, किंवा हळूहळू तो सोडणारी द्रव्ये घालीत. आपले शरीरही तो थोडा तयार करते. तरीही तो टाळता येत असेल तर टाळावा, आणि किती असावा याला कायद्याचे बंधन असावे, हे मला मान्य आहे. लॉरेथ सल्फेट बनवताना डायॉक्सेन नावाचे द्रव्य लेशमात्र मागे उरते, त्याचेही तसेच. ते कारखान्यात काढून टाकता येते, खर्च थोडा वाढतो. न्यूयॉर्क राज्याने २०२२ च्या अखेरीपासून त्याला कायद्याने मर्यादा घातली.

म्हणजे हिशेब असा. कोणते द्रव्य, किती, कोणत्या वाटेने शरीरात जाते, किती दिवस जाते आणि कोणाच्या शरीरात जाते, हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय "केमिकल वाईट" या वाक्याला काही अर्थ नाही. शिकेकाई आणि रिठा यांनाही जो फेस येतो तो सॅपोनिन नावाच्या रसायनाचाच. रिठ्याचे पाणी ज्याच्या डोळ्यात गेले असेल त्याला निसर्ग सौम्य असतो हे सांगायला जाऊ नका.

हे पाच प्रश्न न विचारल्याने काय होते, ते पाहायला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. अकोल्याहून गाडीत बसलात तर शेगाव तासाभराच्या आत येते. त्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा, भोनगाव अशा गावांत, डिसेंबर २०२४ च्या सुमारास माणसांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की केसांचा पुंजका हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, बाया, शाळेतली मुले, कोणी सुटले नाही. जानेवारी २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात ही बातमी देशभर गेली.

मग उत्तरांचा पाऊस पडला. कोणी म्हणाले बुरशी. कोणी म्हणाले विषाणू. वर्तमानपत्रांनी "टक्कल व्हायरस" असे बारसेही करून टाकले. कोणी बोअरच्या पाण्याकडे बोट दाखवले. ते पाणी तपासले तेव्हा त्यात क्षार आणि नायट्रेट बेसुमार निघाले, पण ते खारपाणपट्ट्यात आजचे नाही. आणि कोणी म्हणाले, शाम्पू! स्वस्तातल्या पुड्या, त्यांतले केमिकल, दुसरे काय? फोनवरच्या मजकुरांनी जमीन आधीच नांगरून ठेवलेली होती. बी पडायचा अवकाश.

बंधूंनो, आमच्या युनियनच्या कचेरीत एखाद्या खात्यातील माणसे आजारी पडली की आम्ही आधी कागद घेतो. किती जण? कोणत्या पाळीतले? त्याच खात्यातल्या कोणाला काही झाले नाही? आजारी नि धडधाकट यांच्यात फरक कोणता? हाच कागद येथे लावून पाहा. तीच पुडी, त्याच किमतीला, अकोल्यात विकली जाते, अमरावतीत विकली जाते, पुण्यात विकली जाते. तेथे केस जागेवर आहेत. उलट त्या गावांतील ज्या म्हाताऱ्यांच्या डोक्याला जन्मात शाम्पू लागला नाही, त्यांचेही केस गेले, असे गावकरी त्याच आठवड्यात सांगत होते. शाम्पूवरचा आरोप एवढ्यानेच ढासळतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गावातल्या म्हातारीचे ऐकून घेण्याची तयारी लागते.

पुढचे काम प्रयोगशाळेचे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे, मातीचे नमुने नेले. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर हेही आले. विंचूदंशावरील संशोधनाने जगात नाव झालेले हे गृहस्थ मूळचे जालना जिल्ह्यातल्या खेड्यातले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम नावाचे मूलद्रव्य फार वाढलेले आढळले. बावस्करांनी एक पाऊल पुढे टाकून लोकांच्या घरातला रेशनचा गहू तपासून घेतला. पंजाब-हरियाणाकडून आलेल्या या गव्हात स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट सेलेनियम असल्याचे त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. १८ गावांतील २७९ माणसे त्यांच्या हिशेबात होती. पंजाबच्या होशियारपूर, नवांशहर या भागांत काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे शेतीच्या जाणकारांना पूर्वीपासून ठाऊक होते.

आता जरा त्रैराशिक मांडू. त्यांच्या तपासणीत किलोभर गव्हात सुमारे १४ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. धुतलेल्या गव्हातही ते १३ च्या खाली उतरले नाही. कारण ते दाण्याच्या वर बसलेले नसते, दाण्याच्या आत मुरलेले असते. कष्टकरी माणूस दिवसाला २०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खातो असे धरा. म्हणजे २,८०० मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात गेले. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम. ४०० च्या वर जाऊ नये असे आहारशास्त्र सांगते. सातपट झाले! चीनमधील एन्शी येथे १९६० नंतरच्या काही वर्षांत सेलेनियमच्या धान्याने लोकांचे केस आणि नखे गेली होती. अमेरिकेत २००८ साली एका पातळ पोषक औषधात लिहिलेल्या प्रमाणाच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडले, आणि दहा राज्यांतील २०० माणसांना त्रास झाला. त्यांत केस गळणे होतेच. आमच्या शेगावकडच्या त्याच गावांत एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखेही गळू लागली.

आणखी एक गंमत ऐका, जी कडू आहे. कोंड्यावर दुकानात जो औषधी शाम्पू मिळतो, त्यांपैकी काहींत सेलेनियमचाच सल्फाइड असतो. डोक्याला लावला, पाच मिनिटांनी धुतला, कातडीतून तो फारसा आत जात नाही, कोंडा जातो. तेच मूलद्रव्य पोळीतून रोज पोटात गेले की डोके बोडके होते. एकच द्रव्य पुडीत औषध आणि पोत्यात विष! वाट कोणती आणि माप किती, हे विचारल्याशिवाय नुसत्या नावाला भिऊन काय उपयोग, ते याहून चांगले कोण समजावील?

या चुकीच्या उत्तरांची किंमत कोणी दिली, तेही सांगितले पाहिजे. विषाणू म्हटल्याबरोबर शेजारच्या गावांनी तोंड फिरवले. न्हावी हजामत करीना. जमत आलेल्या सोयरिकी मोडल्या. मुले शाळेत जाईनाशी झाली. आपल्याकडे बाईचे केस जाणे म्हणजे काय, हे मी भगिनींना सांगायला नको. विधवेचे केशवपन बंद व्हावे म्हणून या महाराष्ट्रात माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. या गावांतील बाया डोईवरचा पदर घट्ट धरून घरात बसल्या, आणि चुलीवर त्याच गव्हाच्या पोळ्या भाजत राहिल्या. दोष पुडीला दिला, पाण्याला दिला, आणि पोते घरातच राहिले. अफवेने झालेले खरे नुकसान हे. रेशनचा गहू कोण खातो? ज्याला बाजारातला दुसरा गहू परवडत नाही तो. ज्यांनी तो गहू सोडला त्यांच्यापैकी अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले.

अफवेचा दुसरा फायदा उठवणारे बाजारात बसलेले आहेत. "केमिकल-मुक्त" असे लिहिलेली बाटली चौपट भावाने विकायची असेल, तर साध्या बाटलीची भीती लोकांत असावी लागते. बंधूंनो, केमिकल-मुक्त बाटली ही रिकामी बाटलीच असू शकते. पाणीही रसायनच आहे. आणि खरा धोका पुष्कळदा जिच्यावर काहीच लिहिलेले नाही त्या डबीत असतो. अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे मूळ सापडले ते गोरे होण्याच्या क्रीममधील पाऱ्यात. ही गोष्ट २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. ते क्रीम स्थानिक प्रसाधनवालीकडून आणलेले होते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर औषध फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणाला मुकले. त्यांच्याविषयी फोनवर कोणी सावधगिरीचा मजकूर आधी धाडला नव्हता. जिथे रसायन खरोखर मारते, तिथे अफवा मुकी असते. कारण तिथे मरणारा मजूर असतो.

पण मी लोकांनाच दोष देऊन बसणार नाही. अफवा का पिकते? खरे उत्तर वेळेवर मिळत नाही म्हणून. आपल्या राज्यातील एक प्रकरण पाहा. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या लहान मुलांच्या पावडरचे नमुने अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या अखेरीस पुणे आणि नाशिक येथे घेतले. त्यांच्या आम्लतेचे प्रमाण नियमाबाहेर असल्याचा निष्कर्ष आला. मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द झाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि या विलंबाबद्दल प्रशासनाला बोल लावले. पावडर वाईट असेल तर चार वर्षे मुलांच्या अंगाला लागली. चांगली असेल तर चार वर्षे संशय राहिला. दोन्हींपैकी काहीही धरा, आईला उत्तर मिळाले नाही. शेगावच्या गावकऱ्यांनाही नमुने देऊन महिने लोटले तरी अहवाल मागत फिरावे लागले. रक्त त्यांचे, केस त्यांचे, आणि निकाल मात्र फायलीत! आमच्या भाषेत याला पगाराची पावती न देणे म्हणतात.

तेव्हा करायचे काय? घरापुरते सोपे आहे. शाम्पूच्या पुडीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवान्याचा क्रमांक, बॅच, तारीख आणि घटकांची यादी पाहा. ते नसेल तर पुडी घेऊ नका, मग तिच्यावर कितीही झाडपाल्याची चित्रे असोत. डोक्याला खाज सुटली, पुरळ आले, तर ती वस्तू बंद करा आणि पुडी न फेकता डॉक्टरांकडे घेऊन जा. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करा, पोच घ्या. आणि फोनवर मजकूर आला तर पुढे पाठवण्यापूर्वी ते पाच प्रश्न विचारा: कोणते, किती, कोणत्या वाटेने, किती दिवस, कोणाला. उत्तर नसेल तर मजकूर तेथेच थांबवा.

गावापुरते मात्र एकट्याने भागत नाही. या मातीत गाडगेबाबा झाले. त्यांचे कीर्तन म्हणजे समोरच्या अडाणी माणसाला प्रश्न विचारीत जाणे. लोक उत्तरे देत देत स्वतःच शहाणे होत. ती रीत ग्रामसभेत आणली पाहिजे. गावात दहा माणसांना एकच दुखणे झाले, तर ग्रामसभेने यादी करावी: कोणाला झाले, कोणाला नाही, पाणी कुठले, धान्य कुठले. नमुने नेणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी पोच घ्यावी आणि निकाल कधी देणार तेही लिहून घ्यावे. माहितीचा कायदा २००५ पासून आहे. अर्जाला १० रुपये लागतात, शाम्पूच्या पाच-सात पुड्यांचे पैसे. आणि रेशनचे धान्य गोदामात उतरते तेव्हाच त्याची तपासणी होऊन निकाल दुकानाच्या फळ्यावर लागावा, ही मागणी आपण शहरातल्यांनीही केली पाहिजे. तो गहू आपल्या ताटात येत नाही म्हणून गप्प बसलो, तर फोनवर फिरणाऱ्या मजकुराला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

उत्तर मागण्याची सवय ज्या गावाला लागली, तेथे अफवेला बसायला जागा मिळत नाही. ती सवय लावण्याचे काम आपण सर्वांनी मिळून करावे, एवढी विनंती करतो आणि माझे भाषण पुरे करतो.